दादर-माटुंगा: कमी पैशांत चांगलं कुठे खावं, आणि कधी?

रानडेरोड (धागाकर्ता)

हा धागा दादर पश्चिम, शिवाजी पार्क, कीर्ती कॉलेजपर्यंतचा भाग आणि रुळांच्या पलीकडे हिंदू कॉलनी ते माटुंगा एवढ्याच परिसरापुरता ठेवू या. इथल्या खाण्याच्या जागांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. पण यादी हातात घेऊन भलत्या वेळी गेलं की नावाजलेल्या ठिकाणीही गार वडा पुढ्यात येतो आणि माणूस "एवढं काय त्यात" म्हणत परततो. तेव्हा नुसतं नाव लिहू नका. तिथे काय मागायचं, कोणत्या वेळी, काय टाळायचं आणि का, ते लिहा. भाव नकोत, ते भराभर बदलतात. किती जणांना पुरेल ते सांगा.

सुरुवात मीच करतो. माझं मत असं की स्वस्त खाण्यात जागेपेक्षा घाणा महत्त्वाचा. ज्या दुकानात एखादा पदार्थ सतत खपतो तिथे तो सतत तळला जातो. म्हणून ज्या जागी जे सगळ्यात जास्त खपतं तेच मागावं. वड्याच्या दुकानात सँडविच आणि सँडविचच्या गाडीवर वडा मागू नये. गर्दीच्या वेळी जावं, म्हणजे ताजं मिळतं.

स्टेशनला लागून पश्चिमेला मामा काणे, १९१० सालचं. तिथे बटाटावडा आणि पन्हं. पन्हं उन्हाळ्यात घ्या. दोघांत दोन प्लेट वडे आणि एकेक पन्हं, की पुढची गाडी पकडायला मोकळे.

---

पहिला_घाणा

धागा आवडला. गर्दीबद्दल मात्र असहमत.

ऐन गर्दीत कढईत एका वेळी जरुरीपेक्षा जास्त वडे सोडले जातात. तेल १८० अंशांच्या आसपास असेल तर वड्याचं आवरण पहिल्या अर्ध्या मिनिटात धरतं आणि मग आत तेल शिरत नाही. एकदम वीस-पंचवीस वडे पडले की तेल थंडावतं, आवरण धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ते तेल पितं. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून वडे लवकरही काढले जातात, मग आवरणाचं आतलं अस्तर कच्चं, चिकट राहतं. संध्याकाळी साडेसहा-सातला मिळणारा वडा साडेचारच्या वड्यापेक्षा तेलकट लागतो तो यामुळे. दुकान तेच, आचारी तोच.

म्हणून गर्दी *सुरू होताना* जा. सकाळी साडेआठ-नऊ, दुपारी चार ते पाच. या वेळी तेल तापलेलं असतं, कढईत आठ-दहाच वडे असतात आणि दुपारच्या पावाच्या लाद्याही नुकत्याच आलेल्या असतात.

आता छबिलदास आणि कीर्ती. या दोन वड्यांची तुलना दर वेळी होते, पण ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा वडा आकाराने मोठा, गोल. तो पावाशिवाय खावा. पावात दाबला की एवढा बटाटा होतो की चटणीची चव हरवते. एक वडा फोडून, वाफ जाऊ देऊन, हिरव्या चटणीबरोबर. भूक बेताची असेल तर माणशी एक पुरतो.

कीर्ती कॉलेजजवळ, काशिनाथ धुरू मार्गावरचा अशोक वडापाव हा चुऱ्यासाठी. वडे सोडताना कढईत जे पिठाचे थेंब पडतात ते तळून कुरकुरीत होतात, तो चुरा. एवढी मागणी असते तिथे तो झाऱ्यातून मुद्दामही पाडावा लागतो. नुसता चुरापावही मागता येतो: वडा नाही, फक्त चटण्या आणि चुरा. दोघांत एक वडापाव आणि एक चुरापाव घेऊन अर्धा अर्धा करा. नुसता चुरापाव शेवटपर्यंत खाल्ला की तोंड कोरडं पडतं.

चुऱ्यात एक गोम आहे. आकार लहान, पृष्ठभाग जास्त, म्हणून तो तेल फार धरतो. झाऱ्यात नीट निथळलेला नसेल तर पावाचा खालचा भाग पारदर्शक दिसायला लागतो. तसं दिसलं तर "चुरा थोडा कमी" म्हणून सांगावं, लगेच ऐकतात.

दादर स्टेशनवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. पोर्तुगीज चर्चपर्यंत या, पुढे कोणालाही विचारा.

---

रानडेरोड

@पहिला_घाणा, पटलं. गर्दीत नव्हे, गर्दी सुरू होताना. दुरुस्ती मान्य.

---

मेतकूट_भात

सेनाभवनासमोरचं आस्वाद (१९८६ पासून) आणि शिवाजी पार्कचं प्रकाश, दोघांचीही नावं येणारच, म्हणून ताटात काय घ्यावं तेवढं लिहिते.

आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहबचा सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हापासून बाहेरून येणारा प्रत्येक जण मिसळच मागतो. मिसळ चांगली आहे, पण कोल्हापूरचा कट डोळ्यांसमोर ठेवून जाल तर निराश व्हाल. दादरकडची मिसळ सौम्य, थोडी गोडसर, उसळीला महत्त्व देणारी. तिखट हवं तर आधी सांगावं. फरसाण एकदम कालवू नका. अर्धं आत, अर्धं वर ठेवून खाताखाता मिसळा, नाहीतर चौथ्या घासाला सगळा लगदा.

माझ्या मते तिथलं पैसे वसूल करणारं खाणं म्हणजे थालीपीठ आणि कोथिंबीर वडी. थालीपीठ हे घरी नीट जमवायला वेळखाऊ काम आहे: भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ निराळा. एकत्र भाजलं तर डाळ कच्ची आणि धणे जळके. हॉटेलात ही भाजणी मोठ्या प्रमाणावर, नेहमी ताजी दळलेली असते. तव्यावरून उतरल्या उतरल्या लोणी घालून खा. पाच मिनिटांनी ते चामट होतं. म्हणून थालीपीठ सगळ्यांच्या ऑर्डरीबरोबर मागवू नका. बाकी येऊ द्या, मग सांगा.

साबुदाणा वडा प्रकाशचा. तो फोडून बघावा: आतले दाणे सुटे, पारदर्शक दिसले पाहिजेत. पांढरा ठिपका म्हणजे भिजवण कमी पडली. गिच्च गोळा म्हणजे पाणी जास्त झालं. घरी ज्यांचे वडे फुटतात त्यांच्यासाठी: १ वाटी साबुदाणा धुऊन, वर जेमतेम पाव पेर पाणी ठेवून ४-५ तास. मग २ मध्यम उकडलेले बटाटे, अर्धी वाटी दाण्याचं *भरड* कूट, मिरची, जिरं, मीठ. पाणी निथळलं नसेल तर आतल्या वाफेने वडा कढईत फुटतो आणि तेल उडतं. भाजतं त्यामुळे. कूट बारीक केलं तर वडा घट्ट होतो.

सोबत पियुष. ते श्रीखंड आणि ताक यांचं, जायफळ-केशर घातलेलं पेय. तळलेल्यानंतर एक पेला दोघांत घ्या. पूर्ण पेला एकट्याने घेतला तर जेवण झाल्यासारखं वाटतं आणि पुढचं काहीच खाता येत नाही. पियुष जेवणासोबत नको, उभ्या उभ्या हवं असेल तर पणशीकरांकडे घ्यावं. खरवस दिसला तर तोही.

---

उपास_सोमवार

@मेतकूट_भात ताई, कडक उपास करणाऱ्यांसाठी भर घालते. साबुदाणा वडा उपासाचा असला तरी तो कोणत्या कढईत तळला हे विचारावं. ज्या कढईत बटाटेवडे तळले त्यात बेसन आलंच. विचारलं तर खरं सांगतात. आणि काही घरांत जिरं-कोथिंबीर उपासाला चालत नाही, तर काहींत चालते. फराळी मिसळीत दोन्ही असू शकतं.

दाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी या विभागात फार जपून राहावं. साबुदाणा वडा, खिचडी, उपासाची भाजी, बऱ्याच चटण्या, सगळीकडे दाणे. तळणही शेंगदाणा तेलात असू शकतं.

---

डिकॉक्शन

माटुंग्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर.

आधी पत्ता. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. खाण्याची जुनी दाक्षिणात्य ठिकाणं माटुंगा पूर्वेला, म्हणजे मध्य रेल्वेच्या बाजूला. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून झेड पुलावरून पलीकडे यावं. दोन्हीकडे धीम्या गाड्याच थांबतात. दादरला उतरून गाडी बदलायची तर लक्षात ठेवा: डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग क्रमांकाचे आहेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या लेखांत "मध्य रेल्वेचा फलाट १" असं वाचाल तर तो आता ८ आहे.

राम आश्रय (१९३९) स्टेशनपासून दोन मिनिटांवर, पहाटे पाचला उघडतं. सकाळी सातच्या आत गेलात तर बसायला लगेच जागा. रविवारी नवानंतर गेलात तर रांग लागलेली असते, आणि अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसावं लागतं. त्यात गैर काही मानू नका, इथली तीच रीत आहे. पायनॅपल शिरा सकाळीच घ्या. शिरा उभा राहिला की रवा तूप शोषून घेतो आणि घट्ट होतो. तीन जणांत एक शिरा बास.

इडली आणि मेदूवडा कधीही, डोसा मात्र तवा रुळल्यावर. पहिले दोन-तीन डोसे कुठेही नीट पसरत नाहीत, तव्याचं तापमान जुळलेलं नसतं. तवा फार तापला की पीठ पसरण्याआधीच धरतं, थंड असेल तर चिकटतं. म्हणून मधूनमधून पाणी शिंपडून झाडूने पुसतात.

कॅफे मद्रास (१९४०) किंग्ज सर्कलच्या बाजूला, सोमवारी बंद. तिथे रागी डोसा आणि रसमवडा. रसमवडा आला की लगेच तुटून पडू नका, दोन-तीन मिनिटं तसाच ठेवा. वड्याच्या आतपर्यंत गरम रसम मुरलं पाहिजे. मधोमध कोरडा पांढरा भाग लागला तर मुरलेला नाही.

जेवायचं असेल तर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२), माटुंगा स्टेशनच्या अगदी लगत, पहिल्या मजल्यावर. हेही सोमवारी बंद. केळीच्या पानावर जेवण. पान आणि ताट, मर्यादित आणि अमर्यादित असे प्रकार. पोट खरंच मोकळं असेल तरच अमर्यादित घ्या. आधी थोडा भात आणि सांबार, मग रसम, शेवटी ताक-भात असा क्रम ठेवला तर तिन्हीची चव कळते. पहिल्याच वाढीला भाताचा डोंगर घेतला की रसमपर्यंत पोचतच नाही. मोठी चूक हीच होते. पानात टाकू नका.

कापीबद्दल: फिल्टर कॉफीत चिकोरी असते, तीच दाटपणा आणि रंग देते. चिकोरी कडवट वाटत असेल तर "स्ट्राँग" मागू नका. डिकॉक्शन (कॉफीचा गाळलेला अर्क) वाढवलं की कडवटपणाही वाढतो. डबऱ्यातून (सोबतच्या खोलगट वाटीतून) पेल्यात दोन-तीनदा ओतून घ्या, साखर विरघळते आणि तोंड भाजत नाही.

---

पाचउद्यान

माटुंगा पूर्वेचं पोटभर खाणं झालं की पाच उद्यानांतून हिंदू कॉलनीकडे चालत या. सावली आहे. हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी हे इराणी. ब्रून-मस्का (कडक पाव आणि लोणी), चहा, ऑम्लेट. ब्रून सकाळी खा, कारण मुंबईच्या दमट हवेत त्याची कवची संध्याकाळपर्यंत रबरासारखी होते. बन संध्याकाळीही चालतो.

---

कांदिवली_धीमी

माहितीपूर्ण धागा. एक प्रश्न. रविवारी पाच जण येणार आहोत: तीन मोठे, एक नऊ वर्षांचा मुलगा, आणि पंचाहत्तरीची आई. तिचे गुडघे दुखतात, जिने नको आहेत, तिखटही नको. पश्चिम रेल्वेने येऊ. दुपारचं जेवण आणि मग संध्याकाळी काहीतरी किरकोळ. बजेट बेताचं. कसं करावं?

---

पाचउद्यान

@कांदिवली_धीमी,

रामा नायक सोडून द्या, जिना आहे. झेड पूलही आईंना झेपणार नाही. सरळ दादर पश्चिमेतच राहा.

रविवारी दुपारी एक ते अडीच आस्वाद आणि प्रकाश दोन्हीकडे थांबावं लागतं, आणि उभं राहणं हाच आईंना मुख्य त्रास. म्हणून साडेअकराला आस्वादला पोचा. पश्चिमेला फलाट १ च्या बाजूने बाहेर पडा आणि टॅक्सी करा. सेनाभवन चालत जवळ वाटतं, पण रानडे रोडवर रविवारी फेरीवाले आणि खरेदीची गर्दी, त्यातून दुखऱ्या पायांनी जाणं अवघड. मेट्रो ३ तुमच्या वाटेत येत असेल तर दादर मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे आणि सेनाभवनाची बाजू जवळ पडते.

पाच जणांत मागवा: दोन थालीपिठं, एक मिसळ (मोठ्यांसाठी), एक कोथिंबीर वडी, आईंसाठी वरण-भात किंवा मऊ काहीतरी, मुलाला साबुदाणा वडा. मग बघून पुढचं. एकदम पाच ताटं मागवली तर दोन उरतात.

मधल्या वेळात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसता येईल. कट्टा कमी उंचीचा आहे, उठताना आधार लागेल. संध्याकाळी चार-साडेचारला एकाने जाऊन छबिलदासचे वडे आणावेत, बाकीच्यांनी बसून राहावं. तिकडे सगळ्यांना नेऊ नका, गल्लीत बसायला जागा नाही.

---

कांदिवली_धीमी

धन्यवाद. हे असंच हवं होतं. वडे आणताना गार होणार नाहीत ना?

---

पहिला_घाणा

दहा-बारा मिनिटांत गार होत नाहीत, *मऊ* होतात. पिशवीत वाफ कोंडते आणि आवरणावर पाणी सुटतं. कागदी पिशवीत घ्या, तोंड उघडं ठेवा, प्लास्टिकमध्ये अजिबात नको. पाव वेगळा, चटणी वेगळी. वडा पावात घालून पार्सल घेतलं की घरी पोचेपर्यंत पावाचा खालचा भाग ओला होतो.

बाकी पार्सलबद्दल थोडक्यात: इडली उत्तम जाते. डोसा नाही. मिसळीचं फरसाण आणि पाव वेगळे मागा. थालीपीठ नाही. पियुष जातं, पण तासाभरात प्या.

---

सुकट_सोडे

इतकं सगळं झालं आणि मासे नाहीत? दादर पश्चिम आणि मासे नाहीत, हे मान्य नाही.

गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य ही नावं परिसरातल्या सगळ्यांना माहीत आहेत. आता महत्त्वाचं, म्हणजे ताटात कमी पैशांत काय येतं ते.

सुरमई आणि पापलेट थाळी मागू नका. त्यातला माशाचा भाव बाजारभावावर चालतो आणि तुकडा पातळ होत जातो. बांगडा थाळी घ्या. बांगडा जितका ताजा तितकाच चांगला लागतो, खपतो भराभर, म्हणून साठत नाही. सोबत एकच प्लेट बोंबील फ्राय तिघांत.

बोंबलाबद्दल. त्यात पाणी फार. साफ करून, मधून चिरून, वजनाखाली दाबून ठेवून पाणी काढावं लागतं, निदान अर्धा-पाऊण तास. हे टाळलं की तव्यावर तो पाणी सोडतो, रवा गळतो आणि माशाचा लगदा होतो. चांगला बोंबील उचलला तर सरळ राहतो, वाकून तुटत नाही. पार्सल मुळीच घेऊ नका, दहा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो.

तिसऱ्या (शिंपल्यातला प्रकार) सुक्या असतील तर जरूर. शिंपला बंद राहिलेला असेल तर उघडून खाऊ नका, बाजूला ठेवा. शिजताना जी उघडली नाही ती आधीच मेलेली असण्याची शक्यता असते.

सोलकढी: नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ. रंग फिकट गुलाबी, थोडा मळकट असतो. भडक गुलाबी दिसली तर संशय घ्या. वाटीत पाणी आणि दूध वेगळं झालेलं दिसलं तर ढवळून वास घ्या. नारळाचं दूध उन्हाळ्यात लवकर आंबतं. दुपारी बाराच्या सुमारास ताजी असते, रात्री साडेनऊला तेवढी खात्री नाही. घरी नेणार असाल तर काचेच्या नाहीतर स्टीलच्या डब्यात, अ‍ॅल्युमिनियममध्ये कोकमाची आंबट वस्तू ठेवू नये.

वेळ आणि दिवस: महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत ताटात जे येतं ते बर्फातलं, बाहेरून आलेलं, नाहीतर खाडीचं. अशा वेळी सुकं खा. सुकटीची चटणी, सोड्यांची खिचडी, जवळा. हे त्याच दिवसांसाठी साठवलेलं असतं आणि तेव्हाच मजा देतं. श्रावणात आणि सोमवार-गुरुवारी मासे खाणारं गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, म्हणजे आणलेला मासा पडून राहू शकतो. धागाकर्त्यांचा घाण्याचा नियम इथेही लागू आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार दुपार, या वेळा उत्तम.

---

रानडेरोड

@सुकट_सोडे, तिसऱ्यांबद्दल आणि दिवसांबद्दलची माहिती मोलाची. धाग्याच्या सुरुवातीला दुवा देतो.

---

पावती_ठेवा

स्वस्त खाण्यात पैसे कुठे गळतात त्याबद्दल.

१. हॉटेलच्या बिलावर जीएसटी ५ टक्के, वातानुकूलित असो वा नसो. नोव्हेंबर २०१७ पासून हाच दर. पण दुकान कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी करयोजना) असेल तर ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. पावतीवर आणि फलकावर तसं लिहिलेलं असतं, वाचा.

२. सेवा शुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. बिलात असेल तर शांतपणे काढायला सांगा. या धाग्यातल्या प्रकारच्या जागी ते सहसा नसतंच. वेटरला थोडे सुटे पैसे जरूर द्या, तो वेगळा विषय.

३. पाणी मागताना "साधं पाणी" म्हणा. नुसतं "पाणी" म्हटलं की काही ठिकाणी बाटली येते आणि झाकण फुटलं की पैसे लागतात.

तेलाबद्दल: अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बनणारी) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, जुलै २०१८ पासून. मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण डोळे-नाक असतात. वडे सोडल्यावर येणारे बुडबुडे मोठे आणि लवकर फुटणारे असतील तर तेल ठीक. बारीक, साबणासारखा फेस येऊन तो बसतच नसेल, वडा नसतानाही कढईतून धूर येत असेल आणि वास घशाला लागत असेल, तर पुढे चला. तेलाच्या रंगावर मात्र जाऊ नका. बेसन आणि हळदीने चांगलं तेलही एका घाण्यात काळपटतं.

छापील वर्तमानपत्रात गरम तळलेलं घेऊ नका. शाईतलं जे काय ते तेलात उतरतं, आणि त्याला नियमानेही मनाई आहे. सोबत स्टीलचा डबा असेल तर काढून द्या, कोणी नाही म्हणत नाही.

---

आडवा_पाऊस

पावसाळ्यात या सगळ्याचा हिशेब बदलतो. कढईतून थेट हातात येणारं ते चालेल, कारण त्या तापमानात जंतू टिकत नाहीत. कच्ची कोथिंबीर-पुदिन्याची पातळ चटणी, कापून ठेवलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी, उसाच्या रसातला बर्फ, हे जून ते सप्टेंबर टाळा. वडापाव घ्यायचा तर लसूण-खोबऱ्याची *सुकी* चटणी मागा, हिरवी नको. सुक्या चटणीत पाणी नसतं म्हणून ती लवकर बिघडत नाही. तळलेली मिरची मिळतेच.

आणि हिंदमाता (दादर पूर्वेचा पाणी तुंबणारा भाग) ओलांडायची योजना जोराच्या पावसात, भरतीच्या वेळी करू नका. पूर्वेचं खाणं पूर्वेला, पश्चिमेचं पश्चिमेला.

---

नवी_भाडेकरू

मी नव्याने इथे राहायला आले आहे. रोज संध्याकाळी सातला दादर स्टेशनवर उतरते, स्वयंपाक रोज होत नाही. रोज वडा खाऊन चालणार नाही. काय सुचवाल?

---

मेतकूट_भात

@नवी_भाडेकरू, रोजच्यासाठी हॉटेल नको, पोळी-भाजी केंद्र शोध. दादर पश्चिमेत गल्लोगल्ली आहेत, बहुतेक बायका आणि छोटी घरगुती मंडळी चालवतात. तुझ्या घराच्या दहा मिनिटांच्या परिघातलं बघ.

पोळ्या सुट्या मिळतात. एका माणसाला तीन पोळ्या, एक पाव किलोच्या आतली भाजी आणि वाटीभर आमटी बास. भात घरी लाव, तो वीस मिनिटांचा कुकर आहे आणि विकतचा भात गार, घट्ट मिळतो. सातला भाज्या ताज्या येऊ लागतात. साडेआठनंतर उरते ती बटाटा नाहीतर कोबी. पालेभाजी हवी तर सकाळीच फोन करून राखून ठेवायला सांग, ओळख झाली की ठेवतात. दर बुधवारी किंवा शुक्रवारी डाळिंबी उसळ करणारं केंद्र सापडलं तर ते सोडू नकोस. कडवे वाल मोड आणून सोलायचं काम एकट्या माणसाने करण्यासारखं नाही.

पोळी पारखण्याची खूण: घडी उघडल्यावर पदर सुटे दिसले पाहिजेत. तव्यावरून काढून लगेच डब्यात कोंबलेली पोळी घामेजते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. उद्याच्या डब्यासाठी घेणार असशील तर कागदात गुंडाळलेली माग आणि घरी आल्यावर पाच मिनिटं उघडी ठेव.

---

नवी_भाडेकरू

ताई, खूप उपयोगी. वालाचं विचारून बघते.

---

पहिला_घाणा

एक भर, सगळ्यांसाठी. मंगळवारी, त्यातही अंगारकीला, सिद्धिविनायकाच्या गर्दीमुळे स्टेशनपासून प्रभादेवीपर्यंत टॅक्सी मिळणं अवघड होतं. त्या दिवशी कीर्तीचा वडापाव मनात आणू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ६ तारखेच्या महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, शिवाजी पार्कच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांत नुसतं खायला म्हणून येणार असाल तर माटुंगा पूर्वेला जा.

---

डिकॉक्शन

आणि तो दिवस सोमवार असेल तर राम आश्रय. बाकीची दोन बंद असतात, वर लिहिलंच आहे.